कापलेल्या राजदूतचा ताबा

मी, शेख गयासुद्दीन वल्द शेख बशीरुद्दीन, वय एकाहत्तर, मूळ गाव पातूर, एक्केचाळीस वर्षांपासून वलगाव रोड, अमरावती इथे राहणार, हे मृत्युपत्र आज रविवारी सकाळी माझ्या दुकानात बसून सांगत आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. माझ्यावर दाब टाकणारा माणूस अजून जन्मायचा आहे, हे ओळखीतलं कोणीही सांगेल. डोकं ठिकाणावर असल्याचा आणि शरीराला कुठला मोठा आजार नसल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोळ्यांचा दाखला कोणी मागितला नाही हे बरं झालं. पन्नास वर्षं वेल्डिंगचा उजेड पाहिलेल्या माणसाला तो कोणी दिला नसता.

लिहून घेणाऱ्या रागिणीताई वकील या माझा वरूडचा दोस्त, दर रविवारी दुकानात येऊन बसणारा जानराव, याच्या सूनबाई. त्यांनी माझं बोलणं सरळ मराठीत बसवलं आहे, आणि मी जिथे अडून बसलो तिथे माझंच ठेवलं आहे. आमच्या घरातली बोली हिंदी-उर्दूची. पण दुकानाची भाषा वऱ्हाडी, आणि माझी सारी जिंदगी दुकानात गेली, म्हणून कागदही मराठीतच होत आहे.

कलम १. मला अमरावतीतच दफन करावं. माझी बीवी शकीला पाच वर्षांपूर्वी गेली. तिच्याजवळ जागा मिळाली तर चांगलंच. नाही मिळाली तर कब्रस्तानच्या माणसाशी भांडू नये. भांडणाचा कोटा मी जिवंतपणीच पुरा केला आहे. जेवणावळीत मटण कमी आणि लोक जास्त असं करू नका, लोक नावं ठेवतात.

कलम २. तीन वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात लिहिलं होतं की माझी मुलगी आरजू हिचा माझ्या दुकानाशी, हत्यारांशी आणि माझ्याशी काहीएक संबंध राहिलेला नाही. ते मृत्युपत्र मी आज पूर्णपणे रद्द करत आहे. ते का लिहिलं आणि का रद्द केलं, हे कलम सहामध्ये येईल. लांबण लागेल, पण ताईंना मी सांगितलं आहे की चहा इंदूबाईंच्या टपरीवरून येत राहील.

कलम ३. राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते शरीयतप्रमाणे वाटावं. वारस दोनच: मुलगा शाकीब, त्याचं अकोल्यात मोबाइलचं दुकान आहे, आणि मुलगी आरजू, ती अकोल्यातच एका खाजगी ट्रेनिंग सेंटरात शिकवते. मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. हे मी ठरवलेलं नाही आणि मी बदलणारही नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी वाटणीत धरू नये, ती फुटकी आहे.

कलम ४. चित्रा चौकातले बंडू मिस्त्री यांनी माझी आटे पाडायची पेटी दोन दिवसांसाठी म्हणून नेली, त्याला एकोणीस वर्षं झाली. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. परंतु त्यांनी ती लोकांना ‘आपली’ म्हणून दाखवू नये. माझ्या वेल्डिंगचा ट्रॉलीचा आकडा तुटला असं त्यांनी नांदगाव खंडेश्वरपर्यंत सांगत नेलं होतं. आकडा तुटला हे खरं. टाका तुटला नव्हता, टाक्याच्या बाजूचं लोखंड तुटलं होतं, आणि लोखंड गिऱ्हाइकाचं होतं. मी त्यांना माफ केलं आहे, पण ही गोष्ट नोंदीत असावी.

कलम ५. शाकीबबद्दल. पोरगा वाईट नाही. रोज फोन करतो, माझ्या गोळ्या अकोल्याहून पाठवतो. पण त्याला गिअरची गाडी चालवता येत नाही, आणि ज्याला गिअर कळत नाही त्याला लोखंड म्हणजे अडगळच दिसते. तीन वर्षांपूर्वी मी दोन दिवस पातूरला भाच्याच्या लग्नाला गेलो, तेव्हा त्याने माझी राजदूत भंगारवाल्याला द्यायचं परस्पर ठरवलं. अब्बांची जागा मोकळी होईल, अब्बांचं मनही मोकळं होईल, असं त्याला वाटलं. त्याच्या मनात खोट नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. माझं मनगटी घड्याळ त्याने ठेवावं. वारसाला मृत्युपत्राने काही देता येत नाही, असं ताई मध्येच म्हणाल्या. मी म्हटलं, घड्याळाचं काय घेऊन बसता. त्या म्हणाल्या, चाचा, घड्याळाचंच नाही, पुढे बघा. मी पुढे पाहिलं नाही. मला कलम सहाची घाई झाली होती.

कलम ६. राजदूत मोटारसायकल, माझ्या नावावर, १९८४ पासून.

ही गाडी घेतली त्या साली मी अमरावतीत दुकान टाकलं. माझे वालिद पातूरला बैलांना नाल ठोकायचे. दूध घालणारे, खत नेणारे, लग्नाला बायको-पोरं नेणारे, सगळे तेव्हा राजदूतवर फिरत. शकीला माझ्या मागे एका बाजूला पाय करून बसायची आणि गतिरोधक आला की माझ्या पाठीवर बुक्की मारायची. बुक्की गतिरोधकाच्या आधी बसायची, नंतर नाही. तिला रस्ता माझ्यापेक्षा चांगला दिसत असे. ती गेल्यावर मी गाडीला किक मारली नाही. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात टाकून दिली, कोणाला हात लावू दिला नाही, आणि स्वतःही लावला नाही. त्यात ती गंजली. म्हणजे जपलीही नाही आणि सोडलीही नाही, हा दोष माझा.

आता आरजू. दहावी झाली तेव्हा ती म्हणाली, “अब्बा, मले वेल्डिंग शिकवा.” मी म्हणालो, “हे पोट्टीचं काम नाही. ठिणगी उडते, ओढणी पेटते, डोये जातात.” लोक काय म्हणतील हेही म्हणालो, खोटं कशाला बोलू. ती रडली नाही. तिने विचारलं, “तुमचे डोये गेले, तं काम तुमचं कसं काय?” मी हातातली सांडशी फेकली. तिला लागली नाही, भिंतीला लागली.

मग शकीलाने तिला अकोल्याला आपल्या बहिणीकडे, यास्मीनकडे पाठवलं. शिवणकाम शिकायला, असं मला सांगितलं. दर ईदला आरजू माझ्यासाठी कुर्ता घेऊन यायची. काय टाके, बाप्पा! एका रेषेत, दाण्याला दाणा. मी तो कुर्ता घालून बंडू मिस्त्रीच्या दुकानासमोरून मुद्दाम जायचो. फोनवर विचारायचो, “बेटा, टाके कसे चालले?” ती म्हणायची, “बारीक येऊन राहिले, अब्बा. सरळ येतात. उलीसक घाई केली तं जळतात.” मला वाटायचं, इस्त्रीचं सांगून राहिली. शकीला शेजारी बसून ओढणी तोंडावर धरायची. मला वाटायचं, पोरीची आठवण येऊन राहिली तिला.

तीन वर्षांपूर्वी पातूरहून परत आलो, दुकानात शिरलो, तर राजदूत स्टँडवर चढवलेली. मागचा भाग नाही. शॉकअप नाहीत, मागचं चाक धरणारा चिमटा नाही, सीटच्या मागची सगळी चेसिस कापलेली. जमिनीवर खडूच्या रेघा. बाजूला आरजू, तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा वर केलेला, आणि अंगात माझाच जुना कोट.

“कोणं कापली?”

“म्या.”

“तुले काय येते?”

“अकरा वर्ष झाले, अब्बा. हेच तं करून राहिली. आता पोरायले शिकवते बी.”

“आन् ते कुर्ते?”

“ते यास्मीन खाला शिवे.”

मी जे बोललो ते इथे लिहवत नाही, ताई बाई माणूस आहेत. एवढंच लिहितो की मी तिला म्हणालो, तुझ्या अम्मीच्या गाडीची मय्यत केलीस तू, आणि तू माझी कोणी नाहीस. दुसऱ्या दिवशी एका लेखनिकाकडे जाऊन पहिलं मृत्युपत्र केलं. माझ्या मागे अकरा वर्षं सगळं घर मला हसत होतं, हा राग गाडीच्या रागापेक्षा मोठा होता. बीवी आता नव्हती, तिच्यावर रागावता येत नव्हतं. सगळा राग पोरीवर काढला.

खरी गोष्ट जानरावने आरजूकडून काढून घेतली आणि मला महिन्याभराने सांगितली. आमच्या धंद्यात एक रीत आहे. गाडी स्टँडवर चढली आणि तिच्यावर मिस्त्रीच्या खडूची खूण पडली, की ते काम चालू समजतात. ते लोखंड भंगारवाला उचलत नाही, मालकाने बोलावलं तरी नाही. शाकीबचा भंगारवाला सोमवारी येणार होता. आरजूला ते शनिवारी कळलं. मला फोन केला असता तर मी पातूरहून येऊन शाकीबला मारलं असतं, हे तिला माहीत. चेसिस मागून पार सडली होती, शॉकअप लावायच्या जागा हाताने खुडता येत होत्या. म्हणून तिने सडलेलं तेवढं कापलं आणि खडू ओढला. भंगारवाला आला, खडू पाहिला आणि निघून गेला. म्हणजे जिने मय्यत केली म्हणून मी ओरडलो, तिनेच ती थांबवली होती. हे कळल्यावरही मी तिच्याशी बोललो नाही. कसं बोलतात ते मला येत नव्हतं.

ती मात्र दर रविवारी यायची. अकोल्याहून रेल्वेने बडनेरा, तिथून ऑटोने दुकानात. कोपऱ्यात काम करायची आणि पाच वाजता हात धुऊन निघायची. तिचं म्हणणं, मागचे शॉकअप आता मिळत नाहीत आणि मिळाले तरी धरायला चेसिस नाही. तेव्हा शॉकअपच नको. मागे सरळ पाइपाचा तिकोना बांधायचा, चाक त्यात घट्ट, सीट खाली, मडगार्ड आखूड. याला बॉबर म्हणतात. तिकडे परदेशात लोक हौसेने अशी गाडी करतात. हे ती मला सांगत नव्हती. माझ्याकडे पाठ करून जानरावला सांगायची, मोठ्याने. जानराव विचारी, “मंग खड्ड्यात दणका कोणाले बसते?” ती म्हणे, “बसणाऱ्याले, काका.”

असे अकरा रविवार गेले. बाराव्या रविवारी तिने तिकोन्याला कच्चे टाके मारले, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरी ताणली आणि वाकून पाहत बसली. मी माझ्या जागेवर गेटची जाळी करून राहिलो होतो. दहा हातांवरून मला दिसलं. माझे डोळे अधू, पण वाकडं लोखंड मला अंधारात दिसेल. मागचं चाक उजवीकडे गेलं होतं. तिला दिसत नव्हतं. पक्के टाके मारले असते तर चेन दर आठ दिवसांनी उतरली असती, आणि एखाद्या दिवशी ट्रकसमोर उतरली असती. मी जाळी खाली ठेवली.

“दोन सूत,” मी म्हणालो.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्यात दुसरं माप चालत नाही. तीन महिन्यांत बापाने लेकीशी बोललेले हे पहिले दोन शब्द. तिने वर पाहिलं नाही. पट्टी लावली, मोजलं आणि म्हणाली, “दीड.”

मी उठून गेलो. पट्टी लावली. दीडच होतं. सायाचं!

त्यानंतर दोन वर्षं आम्ही मिळून काम केलं, फक्त रविवारी. भांडणं किती झाली याची गणती इंदूबाईंना विचारावी, त्यांची टपरी समोरच आहे. माझं आर्कचं वेल्डिंग, जुनं आणि जाड; तिचं टिगचं, नवं आणि बारीक. मी तिच्या कामाला कशिदा म्हणायचो, ती माझ्या कामाला पाखराची शिट म्हणायची. जुन्या नळीच्या आत घट्ट बसणारा लोखंडी तुकडा घालून मगच नवा पाइप जोडायचा, म्हणजे सांधा दणक्यालाही सुटत नाही, हे मी तिला शिकवलं. बाहेरून भोकं पाडून आतल्या तुकड्यालाही टाका धरवायचा, हे तिने मला शिकवलं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला नवं काही शिकवणं सोपं नाही. तिने ते शिव्या न देता केलं, आणि ते मला जमलं नसतं.

आता माझ्याकडून झालेली चूक लिहितो. पाइप वाकवताना तो आत दबू नये म्हणून त्यात वाळू ठासून भरतात, दोन्ही टोकांना लाकडी बूच ठोकतात, मग तापवून वाकवतात. वाळू कोरडी पाहिजे, हा पहिला धडा. ओल राहिली तर आत वाफ होते. श्रावणातला रविवार होता. आरजू म्हणाली, “अब्बा, वाळू तव्यावर भाजून घ्या.” मी म्हणालो, “मले शिकवते काय? पन्नास वर्ष झाले.” पाइप तापला, आणि बंदुकीसारखा आवाज होऊन बूच उडालं. ते आरजूच्या कानाला चाटून गेलं आणि टिनाच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर पडलं. भोक अजून आहे, बुजवू नये.

तिच्या कानातून थोडं रक्त आलं. या दुकानात पोट्टीला इजा होईल म्हणून मी तिला अकरा वर्षं बाहेर ठेवलं, आणि इजा झाली ती माझ्या हातून, माझ्या अकडीपायी. मी खाली बसलो आणि रडलो. जानराव होता तिथे, त्याला माहीत आहे. आरजूने कानाला चिंधी लावली, नवी वाळू तव्यावर ओतली आणि मला म्हणाली, “उठा. पाइप थंडा होऊन राहिला.”

गेल्या महिन्यात गाडी सुरू झाली. सहाव्या किकला. आवाज तोच, जुन्या राजदूतचा, टाकीही तीच. मागून मात्र गाडी अशी सरळ निघते की डोळा अडकत नाही. चाकं दोरीला एका रेषेत आहेत, अर्ध्या सुताचाही फरक नाही. रस्त्यावर चालवायला अशा बदललेल्या गाडीला आरटीओची परवानगी लागते. अर्ज दिला आहे. परवानगी मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये, नाही मिळाली तर खाजगी आवारात किंवा जानरावच्या वावरात चालवावी. त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ही गाडी चालवून ज्याची कंबर शाबूत राहील त्याला माझ्यातर्फे सलाम.

तर, ही राजदूत, दुकानातली सर्व हत्यारं, दोन्ही वेल्डिंग मशीन आणि या टिनाच्या दुकानाचा भाडेहक्क मी माझ्या मृत्यूनंतर माझी मुलगी आरजू हिला एकटीला

इथे ताईंनी लिहिणं थांबवलं. वरचं वाक्य तसंच अर्धं ठेवावं, पुरं करू नये. पुढचं का घडलं ते कळायला ते लागेल.

ताई म्हणाल्या, “चाचा, तेच मघाशी सांगत होते. आरजू वारस आहे. मृत्युपत्राने वारसाला वेगळं देता येत नाही. तुमच्यामागे शाकीबने कबूल केलं तरच चालेल.”

मी म्हणालो, “मी मेल्यावर तो कबूल करते का नाही, हे पाह्यले मी येऊ काय?”

“मग हिबा करा. बक्षीस द्या, जिवंतपणी. त्याला तीन गोष्टी लागतात. तुम्ही दिली म्हणायचं, तिने घेतली म्हणायचं, आणि ताबा द्यायचा. ताबा आजच द्यायचा, आणि तोही ठणठणीत असताना. मरणाच्या दुखण्यात दिलेलं पुन्हा मृत्युपत्रातच मोजतात.”

“हा कुठं मरून राहिला?” जानराव म्हणाला. “लेकाचा दोन दिवसांपासून माह्या डोक्शावर बसून आहे.”

मी म्हणालो, “दिली. आरजू, ही राजदूत, हे हत्यारं, हे दुकान, तुले दिलं. झालं?”

“नाही झालं,” ताई म्हणाल्या. “तुम्ही गाडीवर बसून आहात.”

खरंच बसून होतो. सकाळपासून मी राजदूतच्या सीटवर बसूनच हे मृत्युपत्र सांगत होतो. दुकानात त्याहून चांगली बसायची जागा नाही. बॉबरला सीट एकच असते, एका माणसाची. मागे कोणी बसू शकत नाही, पुढे कोणी सरकू शकत नाही. देणाऱ्याला उतरावं लागते.

मी उतरलो नाही. का, ते सांगता येत नाही. हातातली मूठ सुटेना. एक्केचाळीस वर्षं मी या दुकानात मिस्त्री. खाली उतरलो की कोण, हे मला माहीत नव्हतं. जानराव म्हणाला, “उतर नं बे.” मी त्याला गप बस म्हणालो.

आरजू समोर उभी होती. म्हणाली, “अब्बा, राहू द्या. मले असं नको.”

“काहून नको?”

“भंगारवाला नेईल म्हणून देऊन राहिले तुमी. शाकीबभाई विकल म्हणून देऊन राहिले. गाडी वाचवाले मले नका देऊ. माह्यं काम पाहून द्या. तुमी एका तरी दिवशी म्हटलं काय, का हे काम मले येते? दोन वर्षांत एकदा तरी? मेलेल्या माणसाच्या कागदावरून मले मिस्त्री नाही व्हायचं. तोंडानं म्हणा. नाही तं मी कबूल नाही.”

इंदूबाई कप घ्यायला आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

मी खाली वाकलो. मागच्या तिकोन्याचा टाका बोटाने चाचपला. मला नीट दिसत नाही, पण बोटाला कळते. दाण्याला दाणा, एका रेषेत. असा टाका मी आयुष्यात मारला नाही, आणि बंडूने तर स्वप्नातही नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोललो नव्हतो.

मी उतरलो. गुडघे कडकडले, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. मूठ सोडली आणि म्हणालो, “मिस्त्री, हे काम तुमचं आहे. माह्यापेक्षा चांगलं आहे. बसा.”

लेकीला ‘तुमी’ म्हणालो. दुकानात मिस्त्रीला तसंच म्हणतात.

आरजूने तीनदा म्हटलं, “कबूल. कबूल. कबूल.” इंदूबाई म्हणाल्या, “वं माय, निकाह लागून राहिला काय?” आणि सगळे हसले. मी हसत होतो की रडत होतो ते लिहू नका, असं मी ताईंना सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.

मग लिखाण दीड तास बंद होतं. दुकानामागे कापसाच्या जुन्या जिनिंगचं आवार आहे, आता बंद, भिंती आहेत आणि आत मोकळी जमीन. मालकाच्या परवानगीने गाडी तिथे ढकलत नेली. आरजूने दुसऱ्या किकला सुरू केली. मला सहा लागल्या होत्या. तिने पाच चकरा मारल्या. जमीन खडबडीत, दर खड्ड्याला ती सीटवरून वीतभर उडत होती आणि खाली येऊन हसत होती. तिसऱ्या चकरेला मी ओरडलो, “दुसरा गिअर टाका, मिस्त्री!” तिने आधीच टाकला होता.

ती परत आली तेव्हा मी दुकानाच्या कुलपाची किल्ली तिच्या हातात दिली. दुकानमालकाला भाडेचिठ्ठी तिच्या नावावर करण्यासाठी सहीचं पत्र दिलं, आरसी बुक बदलायच्या फॉर्मवर सही केली. ताबा पूर्ण झाला. शाकीबला फोन लावून सगळ्यांसमोर सांगितलं. तो म्हणाला, “बरं झालं, अब्बा. आरजूले म्हणा, मले गिअर शिकव.”

कलम ७. सबब, कलम सहामधलं अर्धं वाक्य रद्द समजावं. राजदूत मोटारसायकल, हत्यारं, मशीन आणि दुकानाचा भाडेहक्क आता माझे नाहीत, त्यामुळे माझ्या मृत्यूनंतर ते कोणाला वाटायचा प्रश्न उरत नाही. त्यावर कोणी दावा आणू नये. कलम पाचमधलं घड्याळही शाकीबला उद्याच देतो, उगीच थांबायला नको.

कलम ८. जानराव आणि इंदूबाई साक्षीदार आहेत, म्हणून मृत्युपत्राने त्यांना काही देऊ नये असं ताई म्हणतात. जानराव म्हणाला, “मले साक्षीदारच राहू दे, तुह्यं भंगार कोण नेते?” हे त्याचे शब्द जसेच्या तसे घेतले आहेत.

वर लिहिलेलं सारं मला वाचून दाखवलं. ते मला समजलं, माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि उरलेलं आयुष्य ते कपाटात पडून राहिलं तर माझी काही हरकत नाही. सही करताना ताईंनी विचारलं, चाचा, नावाखाली धंदा काय लिहू? मी आरजूकडे पाहिलं. ती म्हणाली, “सोमवारी नऊ वाजता या. उशीर चालत नाही माह्या दुकानात.”

ठिकाण: अमरावती
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. जानराव, रा. वरूड, धंदा शेती व संत्रा बाग (सही)
२. इंदूबाई, रा. वलगाव रोड, अमरावती, धंदा चहाची टपरी (डाव्या हाताचा अंगठा)

बक्षीस कबूल करून ताबा घेणार:
आरजू शेख गयासुद्दीन, धंदा मिस्त्री (सही)

लिहून देणार:
शेख गयासुद्दीन वल्द शेख बशीरुद्दीन, धंदा आरजू मिस्त्रींच्या हाताखाली कामाला (सही)